खूण आणि कारण

पूर्वी घरात पंचांग वाचलं जायचं, तसे हल्ली लॅबचे रिपोर्ट वाचले जातात. कुठला आकडा ठळक छापलाय, कुणापुढे वरचा बाण आहे, कुणापुढे खालचा... चष्मा लावून सगळं घर त्यात डोकावतं. मग त्यातला एखादा शब्द मनात रुतून बसतो. एके काळी तो शब्द 'कोलेस्टेरॉल' असायचा. आता मी जिथे जाते तिथे 'फेरिटिन' ऐकते, आणि त्याच्या मागोमाग 'कॉपर', 'झिंक', 'सेलेनियम'. बोलण्याचा शेवट बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने होतो. "बाई, हे कॅन्सरचं लक्षण तर नाही ना?"

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. मराठी माध्यमातून बी.ए. झाले, तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आता सत्तरी ओलांडली आहे. विज्ञान माझा विषय कधीच नव्हता. पण गेल्या काही वर्षांत आजूबाजूला कॅन्सरची इतकी आजारपणं पाहिली, की हे शब्द समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. भाची जीवरसायनशास्त्र शिकवते. तिच्या मागे लागून, शब्दकोश मांडीवर घेऊन, जमेल तेवढं वाचलं. डॉक्टरांनी काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण एखादं वाक्य काय म्हणतं आणि काय म्हणत नाही, हे बघायची सवय मात्र आयुष्यभराची आहे. तेवढ्याच बळावर आज लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. शरीरातले धातू आणि त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं यांचा कॅन्सरशी संबंध आहे, तो खरा आहे. पण संबंध आहे म्हणजे नेमका कसला? चोरीच्या जागी सापडलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. कुणी साक्षीदार असतो, कुणी चोराला पकडायला धावलेला असतो. आपण मात्र जो दिसला त्याला धरून चोपायला निघतो. आणि त्यात जीव जातात, असं मला वाटतं.

आधी ही मंडळी कोण ते पाहू. आपल्या अंगात लोह साधारण तीन ते चार ग्रॅम असतं, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. जस्त दोनेक ग्रॅम, तांबं जेमतेम शंभर मिलिग्रॅम, सेलेनियम त्याहूनही कितीतरी कमी. एवढ्याशा ऐवजावर रक्त, मेंदू, प्रतिकारशक्ती सगळं चालतं. पण हे धातू मोकळे सोडून चालत नाहीत. मोकळं लोह किंवा तांबं पेशीत ठिणग्या पाडत फिरतं, आणि त्या ठिणग्यांनी पेशीतला आनुवंशिक मजकूरसुद्धा बिघडू शकतो. म्हणून शरीराने प्रत्येकाच्या मागे राखणदार ठेवले आहेत. लोहाची ने-आण करतं ते ट्रान्सफेरिन. लोह साठवून ठेवतं ते फेरिटिन. रक्तातलं बहुतेक सगळं तांबं ज्याच्यात असतं ते सेरुलोप्लाझ्मिन. आणि जस्त, तांबं, शिवाय कॅडमियमसारखा विषारी धातू, असं सगळं पकडून ठेवणारं मेटॅलोथायोनिन.

फेरिटिन हा चोवीस तुकड्यांचा जोडलेला एक पोकळ डबा आहे. त्या इवल्याशा डब्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. १९३७ साली लाउफबर्गर नावाच्या चेक शास्त्रज्ञाने तो घोड्याच्या प्लीहेतून वेगळा काढला. सेरुलोप्लाझ्मिन १९४८ साली स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी रक्तद्रवातून मिळवलं. त्याचा रंग चक्क निळा असतो. मेटॅलोथायोनिन १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांना सापडलं, तेही घोड्याच्याच मूत्रपिंडात. घोड्याचे आपल्यावर इतिहासातच नाही, तर रसायनशास्त्रातही उपकार आहेत म्हणायचे!

आता मुद्द्यावर येते. फेरिटिन कमी असलं तर अर्थ बराचसा सरळ असतो, लोहाचं कोठार रिकामं झालंय. पण फेरिटिन जास्त असलं म्हणजे कोठार भरलंय असा अर्थ दर वेळी निघत नाही. कुठेही दाह असला, संसर्ग असला, यकृताला इजा असली, तरी रक्तातलं फेरिटिन वाढतं. कॅन्सरमध्येही वाढतं. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा नावाच्या कॅन्सरमध्ये तर १९८५ साली असं दाखवलं गेलं, की आजार पुढच्या टप्प्यावर असताना ज्या मुलांचं फेरिटिन वाढलेलं असतं त्यांचा पुढचा प्रवास जास्त कठीण जातो. म्हणजे या आकड्याला अर्थ आहे. पण तो अर्थ 'लोह जास्त झालं म्हणून कॅन्सर झाला' असा नाही, आणि 'लोह कमी केलं की कॅन्सर बरा होईल' असा तर मुळीच नाही.

हा फरक पुस्तकी नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली. मध्येच कुणीतरी त्यांचा रिपोर्ट पाहिला. फेरिटिन वाढलेलं. व्हॉट्सॲपवर आधीच फिरत होतं, की लोह हे कॅन्सरचं खाद्य आहे. झालं! पालेभाजी बंद, खजूर बंद, नाचणी बंद, अंडी-मटण तर केव्हाच बंद. महिन्या-दीड महिन्यात वजन उतरलं, हिमोग्लोबिन उतरलं, आणि केमोची पुढची पाळी लांबली. घरच्यांनी हे सगळं मायेपोटीच केलं होतं. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं काढून समजावलं तेव्हा जेवण पुन्हा सुरू झालं.

त्या दहा मिनिटांत त्यांनी काय सांगितलं, ते मी नंतर भाचीकडून सविस्तर समजून घेतलं. यकृतातून हेप्सिडिन नावाचा एक संदेश निघतो. याचा शोध तसा अलीकडचा, २००० सालाच्या आसपासचा. शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढतं आणि लोहाच्या कोठाराला बाहेरून कडी घालतं. आत धान्य आहे, पण स्वयंपाकघरात येत नाही. म्हणून अशा रुग्णाचं फेरिटिन वर आणि हिमोग्लोबिन खाली, असं उलटंपालटं दिसतं. तो माणूस लोहाने ओसंडून वाहत नसतो, लोह असून भुकेला असतो. त्याचं ताट काढून घेणं म्हणजे दुष्काळात कोठाराला कुलूप आहे म्हणून शेतच पेटवून देण्यासारखं आहे.

'खाद्य' म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदीच निराधार आहे का? नाही, तेही सांगायला हवं. कॅन्सरच्या पेशींना लोह जास्त लागतं. ट्रान्सफेरिन घेऊन आलेलं लोह आत ओढायचे दरवाजे त्या आपल्या अंगावर जास्त उघडतात. १९६९ साली अमेरिकेत एडवर्ड्स आणि हेज यांना दिसलं, की किरणोत्सारी गॅलियम शरीरात सोडलं तर ते गाठीत जाऊन जमतं. गॅलियम लोहाचं सोंग घेऊन ट्रान्सफेरिनच्याच गाडीत बसतं. त्यावरून गाठी शोधायची तपासणी निघाली आणि ती बरीच वर्षं वापरली गेली. शिवाय आनुवंशिक कारणाने ज्यांच्या अंगात आयुष्यभर लोह साठत जातं, त्यांना यकृताच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. हे सगळं खरं. पण त्यातून 'पालक खाऊ नका' हे कसं निघतं? गाठीला लोह कमी पडेल इतकं माणसाला उपाशी ठेवलं तर गाठीच्या आधी माणूस कोसळेल. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असला की दुसरा अर्धा आपोआप खरा होत नाही. वर्गात निबंध तपासताना हे मी किती वेळा लाल शाईने लिहिलं असेल!

आता उलट बाजू. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. दम लागू लागला म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ, फेरिटिन तळाला. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक सुरू झालं. दोन महिन्यांनी आकडा थोडा वर आला, सगळ्यांना हायसं वाटलं. पुन्हा उतरला, पुन्हा गोळ्या. असे आठ महिने गेले. मग पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ निघाली. तिथली गाठ अशीच असते म्हणतात. महिनोन् महिने गुपचूप थेंब थेंब रक्त गाळते, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

पुढे दीड वर्षाने ते गेले. आठ महिने आधी कळलं असतं तर वाचले असते असं मी म्हणणार नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. पण एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो कुणीच विचारला नाही. पुरुषाला पाळी येत नाही, बाळंतपण नाही, खाणंपिणं व्यवस्थित. मग लोह गेलं कुठे? पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालेलं आढळलं, तर जठर आणि आतडं तपासून बघावं, असं वैद्यकशास्त्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे इथे फेरिटिनचा आकडा खरोखर कॅन्सरची चाहूल देत होता. आणि आपण काय केलं? चाहूल देणाऱ्यालाच गोळी घालून गप्प केलं. आकडा सुधारला, प्रश्न तसाच राहिला.

पहिल्या गोष्टीत फेरिटिन वर होतं, लोक घाबरले, आणि घाबरायचं कारण नव्हतं. दुसऱ्या गोष्टीत ते खाली होतं, लोक निर्धास्त राहिले, आणि तिथेच जागं व्हायला हवं होतं. दोन्हीकडे चूक एकच. आकड्याला आजार समजलं गेलं. आकडा हा आजार नसतो, तो प्रश्न असतो.

मग खूण कुठली आणि कारण कुठलं, हे ओळखायचं कसं? याचं एक उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं. माझ्या वयाच्या लोकांना कल्हईवाला आठवत असेल. गल्लीत भाता लावून बसायचा, पितळेची पातेली तापवून नवसागर टाकायचा, कथिल फिरवायचा, आणि भांडं चांदीसारखं चकाकायचं. त्याच काळात लहान मुलांना 'लिव्हर' व्हायचं. वर्ष-दोन वर्षांचं मूल, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं. बहुतेक मुलं दगावायची. डॉक्टरी पुस्तकांत त्या आजाराचं नावच भारतीय बालकांचा सिरोसिस असं होतं. ज्या घरात हे घडलं त्या घरात पुढे कितीतरी वर्षं त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे.

या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं असतं, हे दिसून आलं होतं. आता बघा, इथवर ही फक्त खूण आहे. आजारामुळे तांबं साठलं, की तांब्यामुळे आजार झाला? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी पुढचा प्रश्न विचारला. हे तांबं येतं कुठून? त्यांनी घरोघरी मुलांना काय आणि कशातून पाजतात ते पाहिलं. कल्हई नसलेल्या पितळेच्या, तांब्याच्या भांड्यांत तापवलेलं, ठेवलेलं गाई-म्हशीचं दूध! दूध तांबं ओढून घेतं. १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. भांडी बदला, असं लोकांना सांगितलं गेलं. स्टीलची भांडी घरोघरी आलीच होती. पुढच्या काही वर्षांत तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. शरीरातलं तांबं काढणारं औषध लवकर दिलं तर काही मुलं वाचतात, हेही दिसलं. काही मुलांचा मुळातच तांबं साठण्याकडे कल असावा, असंही संशोधक म्हणतात. पण मूळ गोष्ट टिकली. तांबं बाहेर, आजार बाहेर.

म्हणजे कसोटी ही. ती गोष्ट बदलून पाहिली का? आणि बदलल्यावर माणूस बरा झाला का? नुसता आकडा बरा झाला का, हा प्रश्न नव्हे.

हीच कसोटी सेलेनियमला लावून पाहा. सेलेनियम कमी असलेल्या लोकांमध्ये काही कॅन्सर जास्त दिसतात, असं बरीच वर्षं म्हटलं जात होतं. १९९६ साली अमेरिकेत १,३१२ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो त्वचेच्या कॅन्सरसाठी होता आणि त्या बाबतीत काही फायदा दिसला नाही. पण सेलेनियम घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर ६३ टक्क्यांनी कमी आढळला. लोक हरखले, गोळ्यांचा बाजार वाढला. मग शहाण्या माणसांनी करावं तेच केलं गेलं. २००१ साली पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांना घेऊन मोठी चाचणी सुरू झाली. २००८ साली ती थांबवावी लागली, कारण फायदा नव्हता. आणि २०१४ साली त्याच चाचणीच्या माहितीतून दिसलं, की ज्यांच्या अंगात आधीच सेलेनियम भरपूर होतं, त्यांना वरून गोळ्या दिल्यावर प्रोस्टेटचा आक्रमक कॅन्सर होण्याचा धोका ९१ टक्क्यांनी वाढला. भरलेल्या घड्यात पाणी ओतलं की ते सांडतंच, पण इथे सांडलेल्यावरून माणूस घसरला.

याउलट चीनमधल्या लिनशियान भागात, जिथे लोकांच्या आहारातच अशा पोषकांची वानवा होती, तिथे सुमारे तीस हजार लोकांवर चाचणी झाली. १९९३ साली निकाल आला. सेलेनियम, बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांमध्ये कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे उपाशी माणसाला भाकरी म्हणजे औषध, जेवलेल्याला तीच भाकरी अपचन. पण जाहिरातीत आपलं पोट भरलेलं आहे की रिकामं, हे कुणी विचारतं का? 'कॅन्सरपासून संरक्षण' एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

तांब्याचीही गंमत सांगते. हॉजकिन्स नावाच्या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये रक्तातलं तांबं वाढतं, आणि आजार आटोक्यात आला की उतरतं. १९६० आणि ७० च्या दशकांत आजार कुठवर आलाय हे बघायला काही डॉक्टर तो आकडा वापरत. पण हेच तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन गरोदरपणात वाढतं, संततिनियमनाच्या गोळ्यांनी वाढतं, साध्या संसर्गानेही वाढतं. पुढे असं लक्षात आलं, की गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला तांबं लागतं. मग मिशिगनच्या डॉ. ब्रूअर यांनी विल्सन्स डिसीज या तांब्याच्या आनुवंशिक आजारासाठी शोधलेलं औषध कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलं. २००० साली १८ रुग्णांवरचा पहिला अहवाल आला. सेरुलोप्लाझ्मिन मूळ पातळीच्या एक पंचमांशावर आणायचं आणि गाठ थोपते का बघायचं, अशी योजना. काहींमध्ये गाठ थोपली, आशा वाटली, पण कॅन्सरचा रोजचा उपचार म्हणून ते औषध अजून आलेलं नाही. दुसरीकडे एलेस्क्लोमॉल नावाचं औषध नेमकं उलटं करतं, तांबं पेशीत ढकलतं. त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरवरची त्याची मोठी चाचणी २००९ साली थांबवावी लागली. पण ते पेशी मारतं कसं, हे शोधता शोधता २०२२ साली असं कळलं, की जादा तांबं पेशीच्या शक्तिकेंद्रातल्या प्रथिनांना चिकटून पेशीचा एका वेगळ्याच प्रकारे अंत करतं. एक म्हणतो तांबं काढा, दुसरा म्हणतो तांबं भरा. दोघेही मोठे शास्त्रज्ञ, दोघांनाही आधार आहे. अशा वेळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन कॅन्सर टळतो, किंवा होतो, असं ठासून सांगणाऱ्याला आपण काय म्हणावं?

राहिलं मेटॅलोथायोनिन. कॅडमियम हा कॅन्सरला कारणीभूत ठरणारा धातू, सिगारेटच्या धुरातही असतो. त्याला पकडून ठेवणारं हे प्रथिन आपलं रक्षकच म्हणायचं. पण स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये ते गाठीत जास्त असलं तर पुढचा प्रवास वाईट, असं आढळतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये मात्र ते कमी होतं, आणि कमी असणं वाईट! शिवाय सिस्प्लॅटिन या औषधात प्लॅटिनम असतं, आणि हे प्रथिन त्या प्लॅटिनमलाही पकडून ठेवतं. म्हणजे रक्षक गाठीचंच रक्षण करतो. शिक्षकांना यात नवल वाटायला नको. एकच मुलगा एका वर्गात मॉनिटर असतो आणि दुसऱ्या तुकडीत घातला की दंगेखोर होतो. मुलगा तोच, संगत वेगळी.

तुम्ही विचाराल, मग हे सगळं संशोधन निरुपयोगी का? मुळीच नाही. संशोधक शेकडो रुग्णांकडे एकत्र बघतो. अमुक प्रथिन जास्त असलेल्यांच्या गटात आजार लवकर उलटतो, हे त्याला कळलं तर पुढचं औषध शोधायला वाट मिळते. पण गटाचं भाकीत आणि माणसाचं भाकीत यात अंतर आहे. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ७० टक्के लागला, यावरून तिसऱ्या बाकावरची मुलगी पास होईल की नाही हे सांगता येत नाही. ती सत्तरातली की तिसातली, हे तिची वही बघणाऱ्या बाईंनाच थोडंफार ठाऊक असतं. रुग्णाची वही म्हणजे त्याचा संपूर्ण आजार, आणि ती त्याच्या डॉक्टरांसमोर असते, लॅबच्या कागदावर नसते.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली लॅबवाल्यांना. 'संपूर्ण शरीर तपासणी' म्हणून साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज विकता, त्यात फेरिटिन, कॉपर, झिंक घालता. घाला. पण आकड्याखाली मराठीत एक ओळ छापायला किती शाई लागते? 'हे प्रमाण दाह किंवा संसर्गातही वाढते. कमी असल्यास कारण शोधणे आवश्यक. डॉक्टरांना दाखवा.' एवढंच. दुसरी वर्तमानपत्रांना. उंदरांवरचा प्रयोग असेल तर मथळ्यात उंदीर लिहा. 'कॅन्सरवर जस्ताची मात्रा' असं छापून चौथ्या परिच्छेदात उंदीर सोडू नका. आणि तिसरी आपल्यालाच. रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्या. हा आकडा असा का आला? तो बदलला तर मला फायदा होईल का, की नुसता आकडाच बदलेल? आणि कारण शोधायला आणखी काही बघायला हवं का?

यावर नेहमीचं उत्तर येतं, की डॉक्टरांना वेळ कुठे असतो? खरं आहे, नसतो. सरकारी रुग्णालयातली रांग मी पाहिली आहे. पण कागदावर लिहिलेला प्रश्न टाळणं तोंडी प्रश्न टाळण्यापेक्षा कठीण असतं, हे मी वर्गात विद्यार्थ्यांकडून शिकले. आणि दुसरं उत्तर येतं, की झिंकची एखादी गोळी घेतली तर काय बिघडतं? बिघडतं. जास्त जस्त बरेच दिवस घेतलं तर आतड्यातच तांब्याची वाट अडते, आणि तांबं कमी पडून रक्त आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. शरीराचा हा हिशोब दुकानातल्या हिशोबासारखा सुटा नाही. एका खात्यात भरलं की दुसऱ्यातून वजा होतं.

कॅन्सर म्हटलं की आपण घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. काहीतरी खाणं, काहीतरी सोडणं. ते समजण्यासारखं आहे. पण घाबरलेल्या माणसाला जो सर्वांत सोपा उपाय देतो, त्याच्याकडेच सर्वांत जास्त संशयाने बघायला हवं. पुण्यातल्या त्या डॉक्टरांनी सोपा उपाय शोधला नव्हता, त्यांनी कठीण प्रश्न विचारला होता. उपाय सोपा निघाला, भांडं बदला. पण तो प्रश्नाच्या वाटेनेच आला.

असो. फार लांबलं. रिपोर्टमधला बाण वर असो की खाली, तो नेमकं कशाकडे बोट दाखवतोय हे आधी विचारा, एवढंच माझं सांगणं. तुमच्या घरात, ओळखीत असे अनुभव असतील तर जरूर कळवा. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असाल, तर रुग्णाने लिहून आणलेल्या त्या चिठ्ठीवर रागावू नका. तो तुमची परीक्षा घेत नसतो, त्याला फक्त धडा समजून घ्यायचा असतो.